खाऱ्या पाण्याचे खाते

वऱ्हाडात सोयरीक जुळवताना घराणे, दुकान, शेतीवाडी आणि बाजारातली पत यांची चौकशी पुरुष मंडळी करतात. "तिकडे पाणी कसे आहे?" एवढी एक चौकशी मात्र मुलीची आई करते. बाहेरच्या माणसाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, भातकुली, शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना त्या प्रश्नाचे वजन ठाऊक आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या खारपाणपट्ट्यात सुमारे ९०० गावे आहेत. त्यांच्या जमिनीखालचे पाणी माणसाला पिता येत नाही, जनावर ते नाइलाजाने पिते आणि पिकाला दिले तर जमीनच बिघडते.

माझ्या आईनेही हा प्रश्न विचारला होता. "पाणी खारे आहे, पण माणसे गोड आहेत," असे उत्तर मध्यस्थांनी दिले आणि ते दोन्ही अंगांनी खरे निघाले. १९८४ साली मी कारंज्याहून दर्यापूरला सून म्हणून आले. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातचा चहा दोनदा फाटला आणि तुरीची डाळ दुपारपर्यंत चुलीवर राहूनही दाणा न् दाणा वेगळी राहिली. सासूबाईंनी न रागावता मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला झाकलेला रांजण दाखवला. "हे चहाचे, डाळीचे आणि पिण्याचे. बाकीचे सगळे बाहेरच्या हौदातले." रांजणातले पाणी बैलगाडीवरच्या टिपाडातून, लांबच्या एका गोड विहिरीवरून येत असे. शहानूर धरणाचे पाणी नळाने घरात यायला तेव्हा अवकाश होता. माहेरी तिजोरीच्या किल्ल्या आजीच्या कमरेला असत. इथे सासूबाई त्या रांजणावर तसेच लक्ष ठेवून असत.

पाणी गाळण्याची शिस्त मी माहेराहून घेऊन आले होते. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना ती सांगावी लागत नाही, परंतु नव्या पिढीसाठी लिहून ठेवते. दुहेरी जाड कापडातून पाणी गाळले की काम संपत नसे. ते गाळणे उलटे करून गाळलेल्याच पाण्याने धुवायचे आणि ते धुवण, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत हलक्या हाताने खाली सोडायचे. एकदा लहानपणी मी जिवाणी दुसऱ्याच विहिरीत ओतायला निघाले, तेव्हा आजीने हात धरला होता. "गोड्या विहिरीतला जीव खाऱ्या विहिरीत टाकला तर तो तडफडून मरतो, बाई. ज्याचे पाणी त्यालाच परत द्यायचे असते." कारंज्याला हे वाक्य मला नियम म्हणून पाठ झाले. त्याचा अर्थ दर्यापूरला आल्यावर कळू लागला. टिपाडातून आलेल्या पाण्याची जिवाणी कोठे सोडायची, हा प्रश्न मी सासूबाईंना विचारला तेव्हा त्याही गप्प झाल्या. गाडीवानाच्या हाती छोटी घागर परत पाठवण्याची पद्धत त्यांनी काही दिवस चालवलीही. पुढे नळ आले, आणि नळाला तर विहीरच नसते.

आता या खाऱ्या पाण्याच्या कुळाविषयी थोडे सांगते, कारण या भागात तीन-तीन पिढ्या व्यापार केलेल्या आपल्या घरांतही ते फारसे कोणाला माहीत नसते. पूर्णा सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यात उगम पावते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाऊन चांगदेवजवळ तापीला मिळते. तिचे खोरे म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी खचलेला भूभाग. त्यात लाखो वर्षांचा गाळ शेकडो मीटर जाडीने साचला आहे. दख्खनच्या इतर भागात चार-दोन हात खोदले की मुरूम आणि खडक लागतो. इथे खाली माती आणि तिच्याखाली पुन्हा माती. या चिकण गाळातून पाण्याचा निचरा होत नाही, क्षार वाहून जायला वाट मिळत नाही. सोडियमचे प्रमाण अधिक असल्याने माती पावसात फुगून बसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. विहिरीचे पाणी सलग दोन-चार वर्षे दिले तर वर कडक थर धरतो आणि पेरलेले बी त्यातून डोके वर काढू शकत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने १९६९ मध्ये स्थापना झाल्यापासून या मातीचा अभ्यास केला आहे. जिप्सम घाला, हिरवळीचे खत गाडा, चर काढून निचरा करा, असे उपायही सांगितले आहेत. परंतु मुळाशी एक गोष्ट उरतेच. खारपाणपट्ट्यातला कास्तकार पूर्णपणे आभाळावर असतो. इतर ठिकाणी पावसाने दडी मारली तर विहिरीचा पंप सुरू करता येतो. इथे विहीर असून नसल्यासारखी.

आणि आभाळ बदलले आहे. हे मी वर्तमानपत्रे वाचून म्हणत नाही. आमच्या मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, रोजमेळाच्या समासात पावसाची नोंद करण्याची सवय होती. आडत-दुकानदाराला ती लागतेच. पावसावर आवक, आवकेवर भाव आणि भावावर आपली उधारी-वसुली. २०११ पर्यंत त्यांनी हे लिहिले. त्यांच्या पश्चात त्या वह्या मी एकेक करून वाचल्या. जुन्या वह्यांत श्रावणाच्या पानांवर एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: "झड." कधी "झड, हर्रास बंद," कधी "झड चौथा दिवस, गिऱ्हाईक नाही." वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, झड म्हणजे तीन-चार दिवस न थांबता पडणारा बारीक पाऊस. घरात ओले कपडे वाळत नाहीत, भज्यांशिवाय काही सुचत नाही, आणि शेतात मात्र पाणी जिरत राहते. १९९० नंतरच्या वह्यांत हा शब्द विरळ होत जातो. शेवटच्या काही वह्यांत तो जवळजवळ नाहीच. त्याच्या जागी येते: "रात्री जोराचा. नाल्याला पूर. सकाळी ऊन."

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मी पुढे वाचला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, आणि एकूण मोसमी पाऊस मात्र कमी होत गेला, असे तो सांगतो. मामाजींच्या समासातल्या चार शब्दांचेच ते शास्त्रीय रूप आहे, असे मला वाटले. झडीचा पाऊस या घट्ट मातीतही हळूहळू जिरतो. एका रात्रीत कोसळलेला पाऊस जिरण्याआधीच पूर्णेच्या वाटेला लागतो. वर्षाची बेरीज कागदावर पुरी दिसते, शेतात मात्र वीस दिवसांनी पराटी माना टाकते. २१ जुलै २०२१ च्या रात्री अकोल्यात असाच पाऊस झाला, मोर्णेचे पाणी वस्त्यांत शिरले आणि आमच्या डाळमिलच्या गोदामात खालच्या थराची पोती भिजली. पुढे ऑगस्टमध्ये त्याच अकोल्यात आम्ही आभाळाकडे बघत होतो.

आपण व्यापारी माणसे. जगाचा वारा आपल्या दुकानात येतो याचे आपल्याला नवल नाही. वऱ्हाडच्या कापसाला इंग्रज बाजारात "उमरा" म्हणत, ते उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि तो भाव कोसळला. कुठल्या तरी परक्या भांडणाने खामगाव-अमरावतीच्या पेढ्या वर गेल्या आणि खाली आल्या. आता तेच जग कापसाच्या भावातून न येता सरळ ढगांतून येते आहे, इतकाच फरक.

आमच्याकडे हरभरा घालणारे एक कास्तकार आहेत. दर्यापूर तालुक्यातच त्यांचे शेत आहे. राज्य शासनाने जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू केला. लोक त्याला "पोकरा" म्हणतात. बदलत्या हवामानात टिकणारी शेती हाच त्याचा उद्देश, आणि पाच हजारांहून अधिक गावांच्या त्या यादीत खारपाणपट्ट्यातील गावे मुद्दाम घेतली गेली. या कास्तकारांनी त्यातून शेततळे केले, तुषार संच घेतला. पावसाळ्यात नाल्याला धावणारे पाणी तळ्यात धरायचे आणि ऑक्टोबरनंतर हरभऱ्याला एक किंवा दोन वेळा द्यायचे, एवढाच सारा व्यवहार. एका हंगामात शेजारच्या शेतातला हरभरा फुलावर असताना वाळला आणि यांचा आला. मी विचारले तर म्हणाले, "काकू, इहिरीचं पानी देल्लं तं जमीन दगडावानी व्हते. तळ्याचं पानी देल्लं तं हरभरा हासते." त्यांच्या तळ्याला प्लास्टिकचे अस्तरही नाही. निचरा न होणारी जी माती आजवर शाप समजली गेली, तीच तळ्यात पाणी धरून ठेवते. अर्थात तळ्याला जागा जाते, आणि उन्हाळ्यात त्यातले पाणी वाफ होऊन उडते. दोन एकरांच्या धन्याला तळ्यासाठी जमीन सोडणे परवडत नाही. पोकराचा पैसाही अखेर कर्जाचाच आहे, तो राज्याला फेडायचा आहे. तरीही मला त्यातली दिशा पटते: खाली खारे आहे हे मान्य करायचे आणि वरून येणारे गोड पाणी खाली खाऱ्यात मिसळण्यापूर्वी धरायचे.

खाली खारे पाणी आणि पिण्यापुरते गोड ते आभाळातले, ही स्थिती एका परक्या देशात मला अगदी तशीच भेटली, म्हणून त्याविषयी लिहिते. जानेवारी २०१९ मध्ये चिरंजीव आणि सूनबाईंनी मालदीवची सहल ठरवली आणि आम्हा दोघांनाही बरोबर घेतले. तिथल्या महागड्या हॉटेल-बेटांवर न राहता आम्ही लोकवस्तीच्या एका बेटावर घरगुती उतारगृहात राहिलो. कारण मुख्यतः खर्चाचे होते, आणि थोडे आमच्या पिशवीतल्या खाकऱ्यांचे. उतारगृहाची मालकीण माझ्याच वयाची. हिंदी चित्रपट पाहून तिला हिंदी चांगले येत होते. तिच्या अंगणात प्रवाळाच्या दगडांनी बांधलेली जुनी विहीर होती आणि भिंतीला लागून प्लास्टिकच्या मोठ्या टाक्या. छपराच्या पन्हाळीचे नळ त्या टाक्यांत सोडलेले. विहिरीचे पाणी मी तोंडात घेतले आणि ओळखले. पस्तीस वर्षांपूर्वीचा दर्यापूरचा पहिला चहा आठवला.

तिने सांगितले ते असे. लहान बेटाच्या पोटात पावसाचे गोड पाणी समुद्राच्या जड, खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. विहिरी त्या थरापर्यंतच खणायच्या. फार उपसा केला की खालचे खारे वर येते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत समुद्र बेटांवरून वाहून गेला आणि विहिरी नासल्या. त्यानंतर मदत म्हणून आलेल्या टाक्या म्हणजे अंगणातल्या या. समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे राजधानीत आणि काही बेटांवर आहेत, पण त्यांना वीज लागते, आणि वीज बहुतांशी बाहेरून आणलेल्या डिझेलवर. डिसेंबर २०१४ मध्ये माले शहरातल्या अशा एका कारखान्याला आग लागली आणि लाखभर माणसांच्या नळाचे पाणी एका दिवसात थांबले. आपल्या देशाने तेव्हा विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी तिथे पाणी पोचवले. त्या मोहिमेला "ऑपरेशन नीर" म्हणत. चारी बाजूंनी पाणी असलेल्या देशाला विमानाने पाणी! ती बाई म्हणाली, "त्या आठवड्यात ज्यांच्या घरी पावसाची टाकी होती, त्यांच्याकडे शेजाऱ्यांची रांग होती."

मालदीवची जमीन समुद्रापासून सरासरी दीडच मीटर उंच. जगाच्या धुरात त्या देशाचा वाटा नगण्य, आणि बुडण्याची भीती सर्वांत आधी त्यालाच. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी मंत्रिमंडळाची बैठक समुद्राच्या तळाशी घेतली होती. पाणबुड्यांचा पोशाख घातलेले मंत्री ठरावावर सह्या करतानाचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेव्हा मला तो तमाशा वाटला होता. अंगणातल्या त्या विहिरीचे पाणी चाखल्यावर मत थोडे बदलले. बेट असले तरी ते राष्ट्र आहे, संयुक्त राष्ट्रांत त्याची खुर्ची आहे, त्याने आरडाओरडा केला तर जगाला ऐकावे लागते. दर्यापूर-तेल्हाऱ्याला अशी खुर्ची नाही. खारपाणपट्टा हेही एक बेटच, फक्त त्याचा समुद्र जमिनीखाली आहे, त्यामुळे छायाचित्रात दिसत नाही.

परत आल्यावर मला जी गोष्ट छळू लागली ती वेगळीच होती. मारवाडातून वऱ्हाडात आलेल्या आपल्या घरांच्या वाडवडिलांना हे सारे ठाऊक होते. बाडमेर, फलोदी, बिकानेरकडच्या घरांत अंगणाखाली टांका असे. छताचे पाणी त्यात उतरवायचे, पहिल्या पावसाचे सोडून द्यायचे, तोंडाला झाकण ठेवायचे आणि वर्षभर मोजून वापरायचे. अहमदाबादच्या पोळांतल्या जुन्या घरांतही ती सोय आहे. पोरबंदरला महात्मा गांधींचे वडिलोपार्जित घर पाहायला गेलेल्यांनी तिथले जमिनीखालचे टाके पाहिले असेल. आपली माणसे तिकडून इकडे येताना चोपड्या आणल्या, आडतीची रीत आणली, लोणच्याच्या बरण्या आणल्या. टांका आणला नाही. गोड विहिरींच्या गावांत उतरलेल्यांना त्याची गरज नव्हती हे खरे, पण जे खारपाणपट्ट्यात उतरले त्यांनीही बैलगाडीवरचे टिपाड पत्करले. का, ते मला कोणी सांगू शकले नाही.

आमचे धान्याचे गोदाम दर्यापूरला आहे. त्याचे पत्र्याचे छप्पर दहा हजार चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे ९३० चौरस मीटर. आपल्या भागात वर्षाला साधारण ७५० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला पाचवा हिस्सा उडून, सांडून गेला असे मानले, तरी साडेपाच लाख लिटर पाणी त्या एका छपरावरून दरवर्षी गटारात जाते. माणशी दिवसाला पाच लिटर, पिण्या-शिजवण्यापुरते, असे धरले तर तीनशे माणसांचे वर्षभराचे पाणी. चिरंजीवांनी हा हिशेब दोनदा तपासला. चूक सापडली नाही म्हणून थोडे नाराजही झाले.

खरी झोंबाझोंबी पुढे झाली. गोदामावर हमाल, मापारी, मुनीम आणि माल घेऊन आलेले कास्तकार मिळून हंगामात दिवसाला वीस लिटरचे बारा जार लागत. जारमागे वीस रुपये धरले तर तीनशे दिवसांचे बहात्तर हजार. लाखभर लिटरचे काँक्रीटचे टाके बांधण्याचा खर्च नऊ लाखांच्या आतबाहेर येत होता. काळी माती फुगून भिंतींना रेटते, म्हणून भोवती मुरुमाची भरती आणि जाड सळई, असे अभियंत्याने बजावले होते. चिरंजीव म्हणाले, "आई, नऊ लाखांवर नऊ टक्क्यांनी व्याजच एक्याऐंशी हजार होते. हे टाके जारच्या पैशात जन्मात फिटायचे नाही." हिशेब बरोबर होता. मग यांनी तोडगा काढला: "धर्मादाय खात्यात टाका. आईच्या नावाने टाके. पाटी लावू."

मला ते मान्य नव्हते, आणि का नव्हते ते मी त्या दोघांना एका संध्याकाळी बसवून सांगितले. धर्मादायाविषयी मला अनादर नाही. आपल्या घराची पाणपोई मामाजींच्या वडिलांपासून चालू आहे. पण धर्मादाय खाते नफ्यावर चालते. ज्या वर्षी पाऊस बुडतो, आवक घटते, उधारी अडकते, त्या वर्षी पहिली कात्री त्याच खात्याला लागते. आणि पाण्याची गरज तर त्याच वर्षी सर्वांत जास्त असते. दान दिलेल्या वस्तूची दुरुस्ती कोणी काढत नाही. पाटी चकचकीत राहते आणि तोटी गळत राहते, हे आपण गावोगाव पाहतो. गोदामाचे छप्पर, वजनकाटा, फाटक यांची दुरुस्ती मात्र दरवर्षी होते, कारण ती इमारत खात्यात आहेत. त्यामुळे टाकेही इमारत खात्यातच गेले पाहिजे. शिवाय जारच्या हिशेबात एक गोष्ट धरलेलीच नाही: जार रोज येईल, हे गृहीत धरले आहे. एप्रिलमध्ये धरणाचे पाणी आठवड्याने येऊ लागते, तेव्हा जारवाल्याचे यंत्रही थांबते. हरभऱ्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. ट्रॅक्टर लावून दिवसभर उन्हात थांबलेला कास्तकार पुढच्या वर्षी तिथेच येतो जिथे त्याला सावली आणि पाणी मिळाले. ही धर्माची गोष्ट नाही, आवकेची आहे.

जारविषयी आणखी एक. खारे पाणी यंत्रातून काढून गोडे करताना जेवढे गोडे निघते, जवळपास तेवढे किंवा त्याहून अधिक पाणी आणखी खारट होऊन नाल्यात सोडले जाते. ते नाल्यातून पुन्हा त्याच जमिनीत येते. गोड पाणी आपण घरात घेतो आणि वाढलेला खार शेजाऱ्याच्या बांधाला परत करतो. आजीला हे दाखवले असते तर तिने माझा हात पुन्हा धरला असता.

२०२२ च्या उन्हाळ्यात टाके बांधून झाले. पहिल्या दोन पावसांचे पाणी बाहेर सोडण्यासाठी वेगळी तोटी आहे, पुढे वाळू, कोळसा आणि खडीची गाळणी. उजेड आत जाऊ दिला नाही तर शेवाळ धरत नाही. पाणी तोटीवर कापडाने गाळतोच. पहिल्या वर्षी मुनीमजी रोज सकाळी काठी घालून पातळी मोजत आणि रोखपेटीच्या शिलकीसारखी ती वहीत लिहीत. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेसाठी कलम १४४ लागू केले. एरवी दंगलीच्या वेळी ऐकू येणारा हा आकडा उन्हासाठी ऐकून बाजार चकित झाला. कामगारांना पुरेसे पाणी आणि पंख्यांची सोय करा, असेही त्या आदेशात होते. शेजारच्या जिल्ह्यातल्या आमच्या गोदामावर त्या आठवड्यात सकाळी सहाला हमाली सुरू करून अकराला थांबवली. टाक्यात तेव्हा कंबरभर पाणी होते. आमच्या हमालांनी पहिल्यांदाच मला विचारले, की संध्याकाळी घरी एक-एक घागर न्यावी का. हो म्हटले, आणि मुनीमजींनी तीही वहीत लिहिली.

आता विषय आपल्या समाजभवनाचा आहे. छपराची लांबी नव्वद फूट आणि रुंदी साठ, मी स्वतः फीत धरून मोजली आहे. वर्षाला तीन लाख लिटर सहज उतरतील. विश्वस्तांच्या मागच्या बैठकीत हा प्रस्ताव मी मांडला. एका वडीलधाऱ्या विश्वस्तांनी प्रेमाने विचारले, "भाभी, जमिनीखालच्या टाक्यावर दात्याचे नाव दिसणार कसे?" सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न त्यांनी खोटा विचारला नव्हता. निधी नावावरच जमतो, हे आपण सगळेच जाणतो. मी उत्तर दिले की नाव लावू नका, वार्षिक देखभाल-वर्गणीत प्रत्येक घरामागे रक्कम लावा आणि भवनाच्या वीजबिलाशेजारी तिची ओळ घाला. त्यावर चर्चा लांबली. चातुर्मासापूर्वीच्या बैठकीत अंदाजपत्रक आणायला सांगितले आहे. कंत्राटदार भवन पाहून गेले. टाक्याची जागा मागच्या अंगणात निघते आहे, फक्त पूर्वेकडची पन्हाळ गंजलेली असल्याने ती पूर्ण बदलावी लागेल, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्या पन्हाळीचा वेगळा दर त्यांनी अजून कळवलेला नाही.